पहिल्या घरच्या पाच भाकरी

माझ्या नाकाला वास येत न्हाई. एवढं पाच शब्दांचं वाक्य बोलायला मला चार वर्षं लागली, आन मी ते बोललो न्हाई म्हणून जे व्हायचं ते एका दुसऱ्याच बाईला भोगावं लागलं. ते लिहायला बसलोय.

मी तिसरीपर्यंत शिकलो. मंग बापानं हातात काठी दिली आन मेंढरांमागं धाडलं. अजूनबी लिहायला बसलो की अक्षरं मेंढरांसारखी पांगतात, एक वळवावं तर दुसरं बांधावर. पण हे दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं न्हाई असं ठरवलंय.

नाक मला बापाकडून आलं. बाप कळपातून चालता चालता नुसत्या वासावर सांगायचा की कोणती मेंढी आजारी पडणार हाय. ते नाक माझ्यात उतरलं. मेंढरं गेली, थोडी जमीन झाली, नाक राहिलं. गावात कोणी तूप विकत घेतलं की आधी वाटीत घालून माझ्याकडं आणायचं. ‘आबा, बघा बरं, चोख हाय का.’ कडबा कुबट वाटला, तेल जुनं वाटलं, की आबाला दाखवा. मी कधी निवडून आलो न्हाई, माझ्या दारात कधी मोठा माणूस चहा प्यायला थांबला न्हाई. गावात माझी जी काय किंमत होती ती नाकाची होती, आन ती मी छाती काढून मिरवली.

साथीच्या वर्षी मला ताप आला. उठलो तेव्हा चहा गरम पाण्यासारखा लागला. वाटलं, येईल परत. लोकांचे वास दोन-चार महिन्यांत परत आले, माझा न्हाई आला. मालकीण असती तर तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं असतं, पण ती त्याच्या आधीच गेल्ती. मी कोणाला सांगितलं न्हाई. कोणी तूप आणलं तर मी वाटी नाकाजवळ न्यायचो, डोळे मिटायचो आन आणणाऱ्याचं बोलणं ऐकायचो. त्याच्या आवाजात शंका असली तर म्हणायचो, ‘भेसळ हाय.’ नसली तर, ‘चोख हाय.’ लोक मान डोलवून जायचे. माझं बराबर निघायचं, कारण मी त्यांचंच त्यांना परत देत होतो.

आता गाडीचं सांगतो.

माझी पिकअप जुनी. माझ्याकडं आली तेव्हाच तिचे दोन मालक होऊन गेल्ते. बाजारच्या दिवशी भोकरदनला बकरं न्यायचं, हंगामात कापूस, एरवी कडबा. पोरगा जालन्याला कारखान्यात, आठवड्यातून एकदा येतो. घरी मी आन सून. एक दिवस सून माझ्यासंगं राजूरला गणपतीला आली. घरी उतरल्यावर पदर नाकाला लावून म्हणली, “मामा, गाडीला डिझेलचा वास यायलाय.”

मी म्हणलं, “डिझेलच्या गाडीला डिझेलचाच वास येणार. मोगऱ्याचा येईल का?”

“तसा न्हाई. लई यायलाय. माझं लुगडंबी वासाडलं. तुम्हाला येत न्हाई का?”

ती साधं विचारून राह्यली होती. पण मला ते वर्मावर लागलं. मी म्हणलं, “तुझ्या माहेरच्या साऱ्या खानदानाच्या नाकापेक्षा माझं नाक तेज हाय. घरात जाय.” ती गेली. भांडणारी बाई न्हाई ती. गप बसते, आन तिचं ते गप बसणं मंग आठ-आठ दिवस घरात फिरत राहतं.

दुसऱ्या दिवशी ती रानात गेल्यावर मी गाडीखाली वाकलो. डाव्या अंगाला, केबिनच्या मागं, माल भरायच्या हौद्याच्या कडेला डिझेल टाकायचं तोंड हाय. तिथून टाकीपर्यंत मनगटाएवढा जाड रबरी पाइप जातो, त्याच्या संगं हवेचा एक बारका. जाड पाइप वरच्या क्लिपेजवळ चिरला होता. चिरेभोवती ओलसर काळी माती चिकटलेली. म्हंजी सून खरं बोलली होती. मी काय केलं, तर सायकलची जुनी ट्यूब उभी चिरली, तिची पट्टी ताणून पाइपावर गुंडाळली, वरून बारीक तार आवळली. मेंढराचा पाय मोडला की बांबूची कामटी लावून चिंधी बांधायचो, अगदी तसं. विहिरीच्या मोटारीचा पाइप फुटला तरी आम्ही असंच करतो, आन तो वर्ष-वर्ष चालतो. पुसलं, बोट फिरवलं, कोरडं लागलं. संध्याकाळी सुनेला म्हणलं, “कुठंय वास? दाखव.” ती वाकून आली आन म्हणली, “थोडा हाय अजून.” मी म्हणलं, “तो तुझ्या डोक्यात हाय.”

हौद्याचा पत्रा त्याच कोपऱ्यात गंजून फुटला होता, हाताचा पंजा जाईल एवढा. त्यावर मी गोणपाट टाकून ठेवायचो. हे ध्यानात राहू द्या.

चैतात आमच्या गावात मारुतीपुढं सप्ता असतो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं की साऱ्या गावाची पंगत. आमटी देवळापुढं मोठ्या कढईत शिजते, भाकरी मात्र घरोघरच्या. दर घरानं पाच भाकरी द्यायच्या, गरीब असो की बागायतदार, पाचाच्या सहा न्हाई की चार न्हाई. त्या गोळा करायला गाडी वेशीपासून निघते आन देवळापाशी थांबते. अकरा वर्षं ती गाडी माझी. त्या सकाळी मी गाडी धुवायचो, आंब्याचा डहाळा बांधायचो, धुतलेलं धोतर नेसायचो. एरवी मला बाजूला सरका म्हणणारे लोक त्या दिवशी माझ्यासाठी रस्ता मोकळा करायचे.

वेशीजवळचं पहिलं घर एका विधवा बाईचं. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, लेक दिलेली, एकटी राहते. रोजानं जाते. पण तिच्या भाकरीला पंचक्रोशीत तोड न्हाई. पातळ, पदर सुटलेली, कडेला न चिरलेली. लग्नाकार्यात चार-पाचशे माणसाच्या भाकरी करायच्या असल्या की आधी तिला बोलावणं जायचं. पावसाळ्यानंतर रोज मिळाला न मिळाला, लग्नसराईत तिचं त्याच्यावर चालायचं. सप्त्याला ती उंबऱ्यात उभी असायची, धुतलेल्या धडप्यात बांधलेल्या पाच भाकरी हातात. म्हणायची, “आबा, माझ्या आधी कोणाच्या घेतल्या न्हाई ना?” मी म्हणायचो, “तुझ्याआधी फक्त मारुती.” तिच्या भाकरी पहिल्या टोपल्यात तळाला बसायच्या. एवढाच तिचा मान, पण तिचा होता.

त्या वर्षी गावातल्या एका ठेकेदारानं, सप्त्याची सेवा म्हणून, माझ्या गाडीची टाकी पंपावर तोंडापर्यंत भरून दिली. मी आयुष्यात कधी टाकी भरली न्हाई. लागेल तसं थोडं-थोडं टाकायचं ही आमची रीत. त्यामुळं पाइपात डिझेल कधी उभं राह्यलंच न्हाई. त्या दिवशी राह्यलं. वेशीतून निघालो, ओढ्याचा उतार, मंग शाळेपुढचा उंचवटा, मंग पुढच्या गल्लीतलं आखूड वळण. दर हिसक्याला टाकीतलं डिझेल पाइपात उसळत होतं, ट्यूबेच्या पट्टीखालून फुटत होतं, पत्र्याच्या भोकातून वर गोणपाटात जात होतं. गोणपाटावर पहिलं टोपलं. टोपल्याच्या तळाला तिच्या भाकरी.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी हॉर्न वाजवत गल्लीगल्ली फिरत होतो आन लोक गाडीपुढं हात जोडत होते.

पंगत बसली. वाढपी पहिलं टोपलं घेऊन निघाले, रीतीप्रमाणं तळातला पहिल्या घरचा धडपा आधी सोडला, आन चार पानं वाढून झाली तोच कोणीतरी घास थुंकला. “भाकरीला राकेलचा वास येऊन राह्यलाय.” दुसरा म्हणला, “राकेल कुठं भेटतं आता, डिझेल हाय हे.” पंगतीत कुजबुज झाली. मंग एक जण म्हणला, “भांडता कामून? आबाला दाखवा.”

भाकर माझ्या हातात आली. धडप्यासकट. धडपा मी ओळखला, निळ्या काठाचा. पंगतीतल्या साऱ्या माना माझ्याकडं वळल्या. मी भाकर नाकाला लावली, डोळे मिटले. काहीच न्हाई. कोणाच्या आवाजात शंका हाय ते ऐकावं म्हणलं, तर कोणी बोलंना. सारे माझ्या तोंडाकडं पाहून राह्यले. डोळे उघडले तर समोर आमटीची बादली घेऊन माझी सून उभी. तिच्या डोळ्यात मला गाडी दिसली. खोटं लिहीत न्हाई, दिसली. मला त्या घडीला पक्कं ठाऊक नव्हतं, पण ठाऊक करून घ्यायचं असतं तर दहा पावलांवर गाडी होती. जाऊन गोणपाटावर हात ठेवला असता तर झालं असतं.

मी म्हणलं, “पहिल्या घरची हाय. डिझेल टाकून चूल पेटवली असंल.”

बायांच्या पंगतीतून ती उठली. ओरडली न्हाई. म्हणली, “आबा, मी तुऱ्हाटीवर चूल पेटवते. डिझेल माझ्या घरात कुठून येईल? माझ्याकडं काय गाडी हाय?”

लोक थोडे हसले. तिथं माझी सुटका होती. ती सांगून राह्यली होती, की डिझेल गाडीत असतं. पण लोक हसले ते मला माझ्यावर वाटलं. मी म्हणलं, “बाई, तू खोटं बोलशील, माझं नाक न्हाई बोलत.”

धडपा तिला परत दिला. तिनं तो काखेत धरला आन न जेवता निघून गेली. ते टोपलं वाढप्यांनी बाजूला ठेवलं, बाकीच्या भाकरींवर पंगत झाली. मीबी जेवलो.

पुढं आठवडाभरानं बाजाराला जाताना पंपावर डिझेल टाकलं, तर टाकणारा म्हणला, “आजोबा, खाली धार लागलीय.” थेट राजूरच्या रस्त्यावरच्या मिस्त्रीकडं गेलो. वयस्कर माणूस, तीस वर्षं गाड्यांखाली झोपून काढलेली. तो खाली गेला आन खालूनच म्हणला, “चाचा, कितने दिन से गळून राह्यलंय हे?”

“आजच.”

“बरं,” म्हणला आन बाहेर आला. ट्यूबेची पट्टी त्याच्या हातात होती, फुगून मऊ पडलेली, दाबली की बोटाला काळं लागायचं. “चाचा, ट्यूब पाण्याला चालते. डिझेल तिला खाऊन टाकतं. हे आजचं काम न्हाई.” मंग त्यानं हौद्यातलं गोणपाट उचललं, पत्र्याच्या भोकातून हात आरपार घातला, गोणपाट पिळल्यासारखं दाबलं. “वर काय भरता?”

मी म्हणलं, “कडबा.”

त्यानं एक फडकं माझ्याकडं टाकलं. मला वाटलं वास घ्यायला दिलं. मी नाकाजवळ नेलं आन म्हणलं, “हां, लई वास हाय.”

तो माझ्याकडं बघत राह्यला. “चाचा, ते धुतलेलं हाय. हात पुसायला दिलं.”

मी हात पुसले. तो दुसरीकडं बघून पाना शोधायला लागला. मंग हळूच म्हणला, “माझ्या मोठ्या भावाचंबी तसंच हाय. साथीपासून. घरात गॅस चालू राह्यला तरी कळत न्हाई त्याला.” मी म्हणलं, “माझं तसलं काही न्हाई. सर्दी हाय.” वैशाखाचं ऊन डोक्यावर, आन मला सर्दी.

गाडीत विहिरीच्या मोटारीच्या सक्शन पाइपाचा एक चांगला जाड तुकडा पडला होता. मी म्हणलं, हाच कापून बसव, खर्च कशाला. तो न्हाई म्हणला. मी हट्टाला पेटलो. तोंडात बसतो, क्लिप बसते, मंग अडतं कुठं? त्यानं तो तुकडा माझ्या हातात दिला आन पाना माझ्या पुढ्यात ठेवला. “तुमची गाडी. तुम्ही बसवा. मी न्हाई बसवणार. पाण्याचा पाइप आतून गळून पडतो, तुकडे टाकीत जातात, मंग गाडी मधेच बंद. आन लोक म्हणतील मिस्त्री खराब.” ते शेवटचं वाक्य मला झोंबलं. त्याला त्याच्या नावाची फिकीर होती आन मी मागच्याच आठवड्यात दुसऱ्याचं नाव घालवून आल्तो.

पाइप जालन्याहून दुसऱ्या दिवशी आला. त्यानं आधी टाकीतलं डिझेल डब्यात काढलं. जुन्या क्लिपा गंजून चिकटल्या होत्या, त्या कापल्या. पाइप ओढून निघेना, मंग उभा चिरून सोलून काढला. आतून त्याला भेगाच भेगा, उन्हाळ्यात तळ्याचा तळ असतो तशा. पत्र्याच्या तोंडावरचा गंज त्यानं पॉलिश पेपरनं घासून काढला. नवा पाइप बसवताना वाकणाला मुरड पडू दिली न्हाई. हवेचा बारका पाइपबी बदलला. म्हणला, हवा कोंडली की डिझेल बाहेर फेकतं. क्लिपा आवळल्या, टाकी तोंडापर्यंत भरायला लावली, गाडी धरून गदागदा हालवली आन खाली पेपर अंथरून मला म्हणला, “आता तुम्ही बघा चाचा. नाकानं नको. बोटानं.”

मी खाली आडवा झालो, जोडावर बोट फिरवलं. कोरडं. पेपरावर ठिपका न्हाई. जुना पाइप मी मागून घेतला. कामून, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

घरी तो गोठ्यातल्या खुंटीला अडकवला. सुनेनं पाहिला. चिरलेला, काळा पडलेला, समजायला काही बाकी नव्हतं. महिन्यानं झाडताना म्हणली, “मामा, हा पाइप टाकून देऊ का?” मी म्हणलं, “राहू दे.” पुढल्या महिन्यात परत, “मामा, हा पाइप?” “राहू दे म्हणलं ना.” वर्षभर ती मला दर महिन्याला तेवढंच विचारत राह्यली.

त्या वर्षी लग्नसराईत त्या बाईला बोलावणं गेलं न्हाई. एका लग्नात मी तिला पाहिलं. बाकीच्या बाया चुलवणापाशी भाकरी थापत होत्या आन ती दूर उभं राहून पिंपातून पाणी वाढत होती. कोणी हाकललं नव्हतं. नुसतं कोणी म्हणलं होतं, ‘तू आज पाण्याचं बघ.’ मी तिच्या हातचं पाणी घेतलं न्हाई, दुसरीकडून घेतलं. तिच्याकडं बघवंना. नंतर मी वेशीतून जाताना हॉर्न वाजवायचं सोडलं. ओढ्याकडचा लांबचा रस्ता धरायला लागलो. मारुतीपुढं दोनदा उभा राह्यलो, पण मारुतीला सांगून काय, त्याला ठाऊकच होतं. पारावर बसायचो, तोंड उघडायचो आन पाऊस-पाण्याचं बोलायचो.

पुढला चैत आला. सप्त्याच्या बैठकीत एक जण म्हणला, “आबा, गाडी औंदा दुसऱ्या घरापासून सुरू करा.” मी मान हालवली. हो म्हणलो मी.

त्या सकाळी भाकरी घ्यायला हौद्यात दोन गडी होते आन सून होती. भोक पडलेला पत्रा मी बदलून घेतला होता, त्या नव्या पत्र्यावर तिनं पांढरं धोतर अंथरलं होतं. वेशीत आलो. पहिलं घर डाव्या हाताला. उंबऱ्यात कोणी नव्हतं. मी गिअर बदलला आन तेवढ्यात केबिनच्या टपावर दोन थापा पडल्या. थांबा म्हणायची ती खूण. मागं वळून बघितलं तर सून माझ्याकडं बघत नव्हती, घराकडं बघत होती.

मी गाडी बंद केली. उतरलो.

बाई अंगणात तूर पाखडत होती. मान वर न करता म्हणली, “थांबला कामून आबा? पुढं घर हाय.”

“भाकरी,” मी म्हणलं.

“माझ्या भाकरीला वास येतो ना.” मंग ती उठली, आत गेली, शिंकाळ्यातली एक भाकर घेऊन आली. तिची एकटीची, सकाळची. ती माझ्यापुढं धरली. “आधी वास घ्या. बघा येतो का. मंग न्यायची का न्हाई ते सांगा.”

गाडीतले गडी खाली उतरले होते. मी भाकर घेतली, सवयीनं नाकाकडं नेली. डोळे मिटणार होतो. म्हणलो असतो, ‘न्हाई, औंदा वास न्हाई,’ तर तिथंच मिटलं असतं. भाकरी घेतल्या असत्या, गाव म्हणलं असतं बाई सुधारली, माझं नाक तसंच राह्यलं असतं. एवढा विचार मी केला. तेवढा वेळ भाकर नाकाशी होती.

“मला वास येत न्हाई, बाई,” मी म्हणलं.

“भाकरीचा न्हाई ना?”

“भाकरीचा न्हाई. कशाचाच न्हाई. साथीपासून.”

एक गडी म्हणला, “आबा, म्हंजी आमचं पोळ्याचं तूप?”

“तेबी.”

“आन माझ्या सासऱ्याचं तेल?” दुसऱ्यानं विचारलं.

“सगळंच,” मी म्हणलं.

बाई हसली न्हाई. म्हणली, “मंग मागल्या साली कसा आला?”

मी सांगितलं. पाइप चिरला होता, सून सांगत होती, मी ट्यूब बांधली, टाकी भरली, पत्र्याला भोक होतं, तुझं टोपलं त्याच्यावर होतं. सांगताना मी तिच्या सुपाकडं बघत होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणली, “मी भाकरी केल्या न्हाईत. थांबायला लागंल.” आन आतून परात, काटवट, तुऱ्हाटीची मोळी आणून तिनं अंगणातल्या चुलीपाशी मांडली. वेशीतून येणाऱ्या-जाणाऱ्या साऱ्यांना दिसंल अशी. काडी ओढली, तुऱ्हाटी धडधडली.

पाच भाकरींना वेळ लागतो. आन तिनं घाई केली न्हाई.

लोक देवळाकडं निघाले होते. पहिला जण थांबला. “गाडी बंद पडली का आबा?” मी म्हणलं, “न्हाई, भाकरी व्हायल्यात.” बाईचा थापता हात थांबला. पिठातला हात तसाच, ती माझ्याकडं बघून राह्यली. तव्यावरची भाकर उलटायला आल्ती, तरी उलटली न्हाई. मंग मी त्या माणसाला सांगितलं की मागल्या साली डिझेल माझ्या गाडीचं होतं. तिचा हात परत चालू झाला. दुसऱ्याला सांगितलं, तिसऱ्याला सांगितलं. चौथ्याला पाइपाचं सांगून थांबलो तर ती तव्याकडं बघतच म्हणली, “आन नाक?” मंग नाकाचंबी सांगितलं. देवळाच्या कर्ण्यावरून कीर्तनकाराचा आवाज यायला लागला, काल्याचा अभंग सुरू झाला आन मी तिथं वेशीत उभा, धुतलेल्या धोतरात, येईल त्याला माझ्या नाकाचं सांगत. काही जण हसले. एक म्हातारा माझ्यापेक्षा मोठा, तो म्हणला, “वर्षभर काय तोंडबी गेल्तं का रे?” मी पुढल्या माणसाला सांगायला लागलो.

भाकरी झाल्या. निळ्या काठाच्या धडप्यात तिनं त्या बांधल्या, माझ्या हातात दिल्या न्हाईत. सुनेला म्हणली, “तू घे. वास घेऊन घे.” सुनेनं घेतल्या, वास घेतला आन पहिल्या टोपल्यात तळाला ठेवल्या. बाई मागून पंगतीला आली. माझ्याशी बोलली न्हाई. अजूनबी कामापुरतंच बोलते, आन त्यात मला बोलायला जागा न्हाई.

पंगतीत एका टवाळानं भाकर माझ्या तोंडापुढं धरली. “आबा, बघा बरं.” सारे हसायला लागले. बायांच्या पंगतीतून तिचा आवाज आला. “त्यांना न्हाई येत. मला विचार.” हसणं थांबलं. मी खाली मान घालून जेवलो. आमटी मला नुसती तिखट लागते, भाकर नुसती गरम.

गावातल्या लग्नांत ती आता परत चुलवणापाशी बसते. मला वाटलं, फिटलं. घरी येऊन मी खुंटीवरचा पाइप काढणार होतो.

पण औंदा केदारखेड्याला एका सोयऱ्याकडं लग्नाची बोलणी होती. भाकरीला कोणाला सांगायचं ते चाललं होतं. मी म्हणलं, आमच्या वेशीजवळच्या बाईला सांगा. तिथली एक बाई म्हणली, “नको गं बया. तिच्या भाकरीला डिझेलचा वास येतो म्हणं. कोणीतरी जाणत्या नाकाच्या माणसानं सांगितलंय.”

तिथं सोयऱ्याशिवाय मला कोणी ओळखत नव्हतं. तो माणूस मीच, हेबी कोणाला ठाऊक नव्हतं. ‘तसं काही न्हाई, मी खाल्लीय, चांगली असते,’ एवढं म्हणून चाललं असतं. चहाचा कप हातात होता, तो खाली ठेवला.

“तो माणूस मी,” मी म्हणलं. “आन माझ्या नाकाला वास येत न्हाई.”

मंग पाइपाचं सांगायला सुरुवात केली.

पाइप अजून खुंटीलाच हाय. सून आता विचारत न्हाई. कुठंकुठं ते डिझेलच्या वासाचं बोलणं गेलंय मला ठाऊक न्हाई. शहागडच्या बाजूला त्या बाईच्या लेकीचं सासर हाय, तिकडंबी गेलं असंल. पुढल्या महिन्यात गाडीला तिकडचं एक भाडं हाय.